समोरच्या बेलला फुटलेली वाचा

काय सांगू तुम्हाला! परवा गॅसवर दूध ठेवून कचरा द्यायला दाराबाहेर आले, तर खाडीवरच्या वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत, मोबाइल आत. समोर नवा भाडेकरू आलाय, त्याची बेल दाबली, तर बेलच बोलली, "बोला काकू."

"अरे, आधी दार उघड!"

"मी अंधेरीला ऑफिसात आहे. बेलमधल्या कॅमेऱ्यातून मोबाइलवर दिसताय मला. तुमची जादा किल्ली शेजारी असेल ना?"

"शेजारी कशी असेल? अख्ख्या मजल्याच्या किल्ल्या माझ्याच घरात टांगलेल्या असतात!"

"थांबा, किल्लीवाल्याला फोन करतो."

किल्लीवाला येईपर्यंत दूध आटून पातेलं कोळसा झालं. आणि बेल विचारते कशी, "काकू, आमचीही एक किल्ली तुमच्याकडेच ठेवू का?"