वायर उपसली तेव्हा

किमया : खरंखरं सांगा हं. मला पियानो वाजवताना तुम्ही दोघांनी शेवटचं कधी ऐकलंत? मैत्रिणी म्हणाल्या, हिंमत असेल तर विचारून दाखव. विचारलं.

आई : रोज ऐकतो की. जेवणं होतात न होतात तोच सुरू.

किमया : तेव्हा या इलेक्ट्रिक पियानोचे हेडफोन असतात माझ्या कानाला. तुम्हाला ऐकू येते ती नुसती पट्ट्यांची ठकठक.

आई : विषय बदलू नकोस. उद्या धवलकाका येताहेत पासिर रिसहून, त्यांच्या श्रियासाठी पियानो न्यायला. शब्द दिलाय मी. ओ-लेव्हल परीक्षेचं वर्ष, आणि गणितात काठावर पास.

बाबा : नंदा, तिला बोलू दे.

आई : तुम्ही तर बोलूच नका. सोमवारी जहाजावर चढाल, हिच्याशी डोकं मी फोडायचं.

किमया : शुक्रवारी शाळेच्या कॉन्सर्टची निवड आहे, आई. अर्पेजिओ बसलेत लाह माझे.

आई : घरात ते सिंगापुरी लाह-लाह नको.

किमया : बरं. कॉर्डचे सूर सुटे करून हात या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट जातो. धबधबा उलटा वर चढावा तसा. श्रियाला सात जन्मांत जमायचं नाही.

बाबा : सुसाट नाही जात.

किमया : काय?

बाबा : ठकठक ऐकतो ना मी, पलंगावर पडून. वर जाताना दर वेळी एक ठोका हलका पडतो. इंजिनरूममध्ये जन्म गेला, असला ठोका टोचतोच कानाला.

किमया : ...अंगठा आहे तो. बोटांखालून पुढे काढायचा असतो तिथे. पियानोचे सरही तेच म्हणतात.

आई : झालं तर. जमत नाही ना? देऊन टाकू.

किमया : एकदा ऐक तरी. मग दे कुणाला द्यायचा त्याला.

(ती हेडफोनची वायर उपसते. सूर खालून वर धावतात, मध्येच तुटतात. पुन्हा खालून. या वेळी हळू, पण शेवटपर्यंत.)

आई : हे... हे वाजवत होतीस रोज?

किमया : चुकतं, म्हणून रोज.

बाबा : धवलला फोन करू का मी?

आई : अहो, शब्द दिलाय. आणि गणिताचं काय?

किमया : शनिवारी, रविवारी क्लासला जाईन. बाबा, फोन तुम्ही नका करू. काकांना नाही म्हणून मीच सांगणार आहे. आणि शुक्रवारी निवडीला मी जातेय. नाही घेतलं मला त्यांनी, तरी जातेय.