तुम्हीच ठेवलेलं नाव

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले, तुमचेही हात आवरा. आज गायची घाई नाही. आधी मला एवढं सांगा — माणूस मेला असं कधी म्हणायचं?

श्वास थांबला की? बरं! डॉक्टरनं मान हलवली की? बरं, बरं! हे पुढे बसलेले अण्णा म्हणतात, पेन्शन बंद झाली की! हसा, हसून घ्या. पुढे हसू येईलच असं नाही.

मी म्हणतो, श्वास चालू आहे, दोन वेळचं जेवण चालू आहे, आणि तरी माणूस मेलेला! असं होतं का? होतं! आपल्याच घरात होतं! कसं — ते ऐका.

एक होते रंगनाथराव ढोबळे. उभी हयात एसटी स्टँडावर कंट्रोलर. खिडकीत बसायचं, माईक धरायचा आणि — "फलाट चारवर लागलेली गाडी मायणीमार्गे दहिवडी!" काय आवाज, मंडळी! पेंगणारा उठून बसायचा, चहा पिणारा कप टाकून पळायचा! नावं पुकारायची आणि माणसं जागची उठवायची, हीच त्यांची नोकरी.

त्यांना मुलगी झाली तेव्हाही हा गृहस्थ ड्यूटीवर. दवाखान्यातून निरोप आला. अजून बारसं व्हायचंय, आत्याबाई यायच्यात, कानात कुर्र व्हायचंय — पण यांना दम कुठला! उचलला माईक आणि — "प्रवाशांनी लक्ष द्यावे! आमच्या घरी कालिंदी आली आहे! कालिंदी रंगनाथ ढोबळे!" सगळा स्टँड हसला. गाडी चुकलेली माणसंसुद्धा हसली.

आता पुढचं सांभाळून ऐका. ही कालिंदी मोठी झाली, शिकली, लग्न ठरलं. साखरपुड्याचा दिवस. हॉल भरलेला, आत जिलबी तळतेय, भटजींच्या हातात अक्षता — आणि पोरगी पाटावरून उठली! म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

अहो, पाहुण्यांच्या तोंडातला पेढा तोंडात राहिला! बापानं विचारावं ना — बाळ, का? नाही विचारलं! ती सांगायला गेली, तर हात वर करून गप्प केलं. आणि ज्या आवाजात तिचं नाव पुकारलं होतं ना, त्याच आवाजात सगळ्यांदेखत म्हणाले, "आजपासून या घरात हिचं नाव कुणी घ्यायचं नाही! फोन करायचा नाही, दार उघडायचं नाही! संपलं!"

संपलं. पोरगी पुण्याला नोकरीला गेली. भिंतीवरचा फोटो उतरला. शेजारीपाजारी विचारायचे थांबले. पोरगी तिकडे जेवतेय, हसतेय, तापानं फणफणतेय — आणि इकडे ती नाहीच!

वर्षं गेली. रंगनाथराव रिटायर झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कॉटवर पडून छत बघायची वेळ आली. एक दिवस दुपारी जरा डोळा लागतोय, तोच आतल्या खोलीतून आवाज — "मार! मार त्याला! मागून बाण टाक! मेला का? नीट बघ, हलतोय अजून!"

कुणाचा आवाज? इंदूताईंचा! बायकोचा! जिनं जन्मात झुरळावर चप्पल उगारली नाही, तिचा! रंगनाथरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. काठी टेकत, भिंत धरत आत गेले, आणि बघतात तर काय — बाईच्या कानाला हेडफोन, हातात टॅब, दोन्ही अंगठे पडद्यावर नाचतायत!

"अगं ए! कुणाला मारतेस?"

"राक्षसाला," वर न बघता ताई म्हणाल्या. "थांबा हो, थोडाच जीव राहिलाय त्याचा."

आता तुमच्यातल्या तरण्यांना कळलं, म्हाताऱ्यांना सांगतो. तो ऑनलाईन खेळ! कुणी कुठला, कुणी कुठला, सगळे एकाच वेळी एकाच जंगलात उतरतात. टोळी करायची, मोहिमेवर जायचं, राक्षस मारायचे. इंदूताईंच्या टोळीत त्या, आणि बोरकूट नावाचा एक तिरंदाज. हो, वाळल्या बोरांच्या आंबटगोड पुडीचंच नाव घेतलेलं! बोरकूट कधी बोलायचा नाही, नुसतं टाईप करायचा.

रंगनाथराव आधी चिडले, मग आठवडाभर दारातून डोकावले. शेवटी म्हणाले, "मलाही घ्या." कॉटवर दिवस जाईना, दुसरं काय!

"घेऊ की," ताई म्हणाल्या. "आधी तुमचं कॅरेक्टर निवडा."

"माझं कॅरेक्टर स्वच्छ आहे!" म्हातारा भडकला. "उभ्या नोकरीत कुणी बोट दाखवलं नाही!"

"अहो, सोंग! सोंग कुठलं घेताय? हा बघा, योद्धा."

"त्याला पळावं लागतं?"

"पळावंच लागणार."

"नको. गुडघा!"

अहो गुडघा कुणाचा, खेळतंय कोण! पण म्हाताऱ्याला समजावणार कोण? तिरंदाज म्हटलं, तर त्याला झाडावर चढावं लागतं — तोही नको! "मग मांत्रिक घ्या," ताई म्हणाल्या. "एका जागी उभं राहायचं आणि मंत्र टाकायचा." रंगनाथराव खूश! एका जागी राहून नुसता आवाज द्यायचा, हे तर स्टँडावरचंच काम!

पण मांत्रिकातही दोन प्रकार. एक जाळणारा — हातातून आग, समोरचा भस्म! दुसरा उठवणारा — जखमा भरायच्या, पडलेल्याला उभं करायचं. आणि एकदा निवडलं की बदलता येत नाही. रंगनाथरावांचं बोट कुठे गेलं असेल? सांगा! हां, बरोबर, आगीवर! आपलं सगळ्यांचंच तिकडे जातं.

इंदूताईंनी ते बोट वरच्या वर धरलं. म्हणाल्या, "जाळायचं तुम्हाला नव्यानं शिकायची गरज नाही."

चर्रर्र झालं हो! उभ्या संसारात ही बाई असं बोलली नव्हती. आणि ताईंनी ते बोट धरून उठवणाऱ्या मांत्रिकावर टेकवलं. पडद्यावर नियम आला, तो रंगनाथरावांनी सवयीनं मोठ्यानं वाचला — "खेळणारा प्रत्येक जण आपलं मूळनाव लपवून ठेवतो. तो पडला की त्याच्या उशाशी दिवा लागतो. दिवा जळतोय तोवर मांत्रिकानं मूळनाव घेऊन हाक मारली, तर तो उठतो. दिवा विझला, की तो या खेळातून कायमचा गेला."

"हात्तिच्या! नावं पुकारायची ना? मला काय अवघड आहे!"

ऐकलंत ना? ध्यानात ठेवा हे वाक्य.

पहिल्याच मोहिमेत इंदूताई पडल्या. दिवा लागला. "हाक मारा!" ताई शेजारच्या खुर्चीतून ओरडल्या. आणि म्हातारा गडबडला! कारण लग्न झाल्यापासून बायकोला हाक काय? "अगं ए!" "ऐकलंस का!" आता मंत्र म्हणून "अगं ए" चालतं होय? दिवा फडफडायला लागला, तेव्हा कुठे घाबरून ओरडले — "इंदुमती! इंदुमती, ऊठ!" खेळातली इंदुमती टुणकन उठली. खुर्चीतली मात्र बसूनच राहिली, पदर डोळ्यांना लावून. मंडळी, घरी जाऊन करून बघा. बायको चक्कर येऊन पडली तर मला दोष देऊ नका!

तर असे दिवस चालले. रंगनाथरावांना चटक लागली. बोरकूटचा तर लळाच लागला. पोरगं मोठं गुणी! म्हाताऱ्याचा मंत्र चुकला तरी सांभाळून घ्यायचं, मोहीम संपली की विचारायचं — काका, गुडघा कसा आहे? गोळी घेतलीत का?

आणि एक दिवस बोरकूटनं विचारलं — काका, तुम्हाला मुलंबाळं?

रंगनाथरावांनी हेडफोनचा माईक तोंडाशी धरला. म्हणाले, "नाही. कुणी नाही."

इंदूताईंचे अंगठे जागच्या जागी थांबले. बोरकूटकडून उत्तर आलं — बरं काका. चला, पुढे जाऊ.

मंडळी, तुम्ही गप्प का झालात? कळलं तुम्हाला? तुम्हाला कळलं, पण तो शहाणा अजून राक्षसच शोधतोय!

पुढच्या मोहिमेत राक्षस आला. डोंगराएवढा! त्याची गदा उठली ती नेमकी मांत्रिकावर. मांत्रिक तर एका जागी उभा, स्वतःच निवडलेलं ना! इतक्यात बोरकूट मध्ये शिरला. म्हाताऱ्यावरचा घाव त्यानं अंगावर घेतला, आणि पडला. दिवा लागला.

"हाक मारा! लवकर!" इंदूताई उभ्या राहिल्या.

"बोरकूट! बोरकूट, ऊठ रे!" काही नाही. दिवा जळतोय. "बोरकूट!"

"अहो, मूळनाव! मूळनाव घ्या!"

"मला काय माहीत त्याचं मूळनाव!"

आणि इंदूताई — ज्यांनी फोन केला नव्हता, दार उघडलं नव्हतं, नवऱ्याचा शब्द तोडला नव्हता, नाव घेतलं नव्हतं — त्या ओरडल्या, "तुम्हाला माहीत नाही? अहो, तुम्हीच ठेवलंय ते!"

वीज पडली, मंडळी! रंगनाथराव ताईंकडे बघतायत, पडद्याकडे बघतायत. बोरकूट! स्टँडावरून कागदाच्या पुडीत रोज बोरकूट कोण आणायचं? कुणासाठी आणायचं? गुडघ्याची चौकशी कोण करत होतं? आणि आपण कुणाला सांगितलं — नाही, कुणी नाही?

दिवा फडफडतोय. ताई हात जोडून म्हणतायत, "घ्या हो, घ्या नाव!" तोंड उघडलंय. ओठ हलतायत. अख्खा स्टँड जागा करणारा तो आवाज — बाहेर येईना! एवढी वर्षं घशात दाबून ठेवलेलं नाव, ते वर येईना! काय भयंकर शिक्षा ही! दुसऱ्या कुणी दिली नव्हती, स्वतःच स्वतःला दिलेली!

आणि दिवा विझला.

बोरकूट पडद्यावरून पुसला गेला. तिथे नुसतं गवत राहिलं. इंदूताई मटकन खाली बसल्या. खेळ संपला होता, आता ओरडून उपयोग नव्हता — आणि तेव्हा तो आवाज फुटला!

"कालिंदी! कालिंदी! कालिंदी रंगनाथ ढोबळे!"

शेजारणी खिडकीत आल्या. रस्त्यावरचा भाजीवाला थांबला. रंगनाथराव त्या रिकाम्या गवताला हाका मारत होते, रडत होते, पुन्हा हाका मारत होते.

पण मंडळी, बोरकूट गेला, तरी माईक चालूच होता. हेडफोनमधून आवाज आला. न बोलणारा बोरकूट पहिल्यांदा बोलला — "बाबा, ऐकलं मी."

आणि मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही विचारलं नाहीत. मुलाकडचे लोक म्हणत होते, लग्नात मुलीचं नाव बदलायचं, तांदळात नवं नाव लिहायचं. मी म्हटलं, स्टँडावर पुकारलेलं नाव आहे ते, माझ्या बाबांनी ठेवलंय. ते मी टाकणार नाही. म्हणून उठले हो मी पाटावरून."

हे राम! तिनं नावासाठी लग्न मोडलं, आणि यांनी तिचं नावच टाकलं! बापानं दिलेलं नाव पोरीनं छातीशी धरलं, आणि ते नाव घ्यायला बापच बंदी घालून बसला!

रंगनाथराव एवढंच म्हणाले, "ये गं. दार उघडंच ठेवतो."

आता तुम्ही हसा बघू. नाही ना येत? मग माझ्याकडे बघा. तुमच्या घरात कुणाचं नाव बंद आहे? भावाचं? सुनेचं? बांधापलीकडच्या चुलत्याचं? तो जेवतोय, तो श्वास घेतोय, आणि तुम्ही मात्र विचारणाऱ्याला सांगता — कुणी नाही! खेळातला दिवा निदान डोळ्यांना दिसत होता. तुमच्या माणसाच्या उशाचा दिवा किती उरलाय, बघितलंय कुणी?

म्हणून आज शेवटी देवाच्या नावाचा गजर नाही. देव थांबेल, त्याला सवय आहे. आज तुम्ही ते बंद पडलेलं नाव घ्यायचं. मनात नाही! मोठ्यानं! इथे, या मांडवात!

घ्या की. कुणीच नाही?

कोण बोललं? अण्णा, तुम्ही? मघाशी पेन्शन म्हणून सगळ्यांना हसवलंत ते? अहो, डोळे पुसा आधी. हा माईक त्यांच्याकडे द्या रे. बोला. काय? सदाशिव? कोण सदाशिव — धाकटा भाऊ? या गावातच आहे?

अण्णा, असं पुटपुटून भाऊ उठत नाही. पोटातून हाक मारा! आणि मंडळी, उचला टाळ! मृदंगवाले, आता धरा ठेका — अण्णांच्या भावाचं घर कुठल्या आळीत आहे ते मला माहीत नाही, पण तिथवर आवाज गेला पाहिजे!