एकच नाव अडवायचं

— चालेल, पण हळू बोल, लिडिया आतच आहे. ही डीएनएसची डबी राउटरशेजारीच ठेवायची ना? मला समजलं तेवढं सांगतो, प्लासिड, चुकलं तर सांग — घरातला फोन कुठलीही वेबसाइट उघडायच्या आधी हिला पत्ता विचारणार, आणि आपण सांगून ठेवलेलं नाव आलं की ही म्हणणार, असा पत्ताच नाही. बरोबर? मला एकच नाव अडवायचंय. आमच्या लेस्टरला तिकडे कॅनडात ज्यांनी पुरलं, त्यांच्या वेबसाइटवर सगळ्या विधीचा व्हिडिओ ठेवलाय. आमचा व्हिसा येईपर्यंत पोराला माती देऊन झाली — आम्ही काय, इथे गावात, गिरीजला, घरी बसून फोनवर बघितलं. तेव्हापासून लिडिया तेच बघते. वाडीत पाऊल नाही, केळीचे घड झाडावरच पिकून गळले, चर्चमध्ये मिस्साला येत नाही. फोन काढून घेतला तर जेवण सोडते. फादर बोलून गेले, आमची रोवेना सासरहून येऊन रडून गेली — काही नाही. म्हणून म्हटलं, तिकडच्यांनीच बंद केलं असं वाटू दे तिला. फसवणूक आहे, माहितेय मला. पण बाई मरेल रे माझी.

ऐकतोस? तेच चाललंय आत. हे गाणं संपलं की कुणीतरी खोकतं — हं, खोकला. आता तिकडचे फादर लेस्टरचं आडनाव घेताना अडखळतील. मग निळ्या कोटातला एक माणूस उठून शवपेटीवर हात ठेवतो, कोण कुणास ठाऊक, आपल्याकडचा नाही, पण हात लवकर काढत नाही —

मी? नाही, तिच्याजवळ बसून नाही बघत. मागच्या पडवीत. माझ्या फोनवर. कधीतरी. बरं — रोज.

थांब. म्हणजे ही डबी लावली की माझ्याही फोनवर उघडणार नाही? सगळ्या घराला लागू? माझा तेवढा वगळता येतो म्हणतोस. येतो ना. म्हणजे तिला सांगायचं, बंद झालं, आणि मी पडवीत जाऊन — आणि दोघांचंही बंद केलं, तर —

नको. घाल ती पिशवीत. तुझ्यावर रागावलो नाही रे, घाल.

काही नाही गं लिडिया, प्लासिड आलाय, नेट बघायला. हो. चालूच राहील.

जा तू आता.