जबानीचा कागद

माझा जलम करकंबचा. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, आमी चार भैनी, साळंचं तोंड कुणीच बघितलं न्हाय. लगीन झालं तशी सोलापुरात आले, मालक गिरणीत व्हते, खोकल्यानं गेले, पोरगी तवा दोन वर्साची. काय सांगू तुमाला, मग आमच्या शेजारी कॉलेजातले क्लार्कभाऊ ऱ्हायचे, त्यांनी मला रसायनच्या लॅबमधी चिकटवलं. टेम्परवारी. काचंच्या नळ्या धुवायच्या, बाटल्या पुसायच्या. अॅसिडनं बोटांची सालपटं निघायची, पर सावलीतलं काम व्हतं, आन पोरी मावशी मावशी करायच्या, बरं वाटायचं.

त्यातली एक भारती. तेलुगू घरातली, बाप मागावर कापड इणायचा, आई विड्या वळायची, त्यांच्यात कॉलेजात आल्याली ही पयलीच पोर. घरात तेलुगू, माझ्यासंगं मराठी, आन लॅबमधी इंग्रजी शब्द असं फाडफाड म्हणायची की मी नळी हातात धरून ऐकतच ऱ्हायची.

आता ते सर. नाव न्हाय घेत, घिऊन काय करायचंय. खात्यातले मोठे सर, लई हुशार, कपडे पांढरेफेक, मला कधी वाकडं बोलले न्हाईत, खोटं कशाला सांगू. प्रॅक्टिकलच्या वहीवर, जर्नल म्हणत्यात तिला, त्यांची सही लागायची, सही न्हाय तर परीक्षा न्हाय. पोरांच्या वह्यांवर टेबलावरच सह्या करायचे, पोरींना मातर काट्याच्या खोलीत बोलवायचे, एकेकीला. तितं वजनाचे नाजूक काटे असत्यात, वाऱ्यानं हलत्यात म्हणून दार लावायचं. पोरी भाईर आल्या की नळाखाली हात धुवायच्या, कोपरापतूर धुवायच्या. मला कळत व्हतं की. न कळायला काय झालं. पर मी गप व्हते, दोन वर्सं गप व्हते, ते बी लिवा.

एक दिवस बाटल्यांचा ट्रे घिऊन मी आत गेले. भारती कपाटाला टेकल्याली, वही छातीशी धरल्याली, आन सरांचा हात तिच्या परकर-पोलक्याच्या मधी, उघड्या कमरंवर. सर म्हणले, बाई, दार वाजवून यावं कळत न्हाय का. म्हणलं, दोनी हातांत ट्रे हाय, वाजवू कशानं. जा म्हणले. बाटल्या लावून जाते म्हणलं. एकेक बाटली सावकाश लावली, तवर भारती भाईर पळाली. सही न घेताच.

तिनं मग अर्ज लिवला. आजवर कुणी लिवला न्हवता. प्रिन्सिपॉलसायबांनी चौकशीला तिघांना बसवलं, तिघं बी बाप्ये. तिला इच्यारलं, हात कुटं लागला, किती येळ लागला, चुकून तर लागला न्हाय. बाप संगं आलता, तो सगळा येळ चपलांकडं बघत व्हता.

मग मला बोलीवलं. मी बघितलं तसं सांगितलं. क्लार्कभाऊंनी लिवून घेतलं, शाईचा डबा पुढं सरकवला, म्हणले अंगठा द्या. मला कुटं वाचाय येतंय, म्हणलं वाचून दावा. त्यांनी वाचलं, सगळं मी सांगितलं तसंच. पर मी बघत व्हते, कागदावर दोनच वळी, आन वाचणं चांगलं लांबलचक. मी उठले, कागद उचलला आन समोरच्या खोलीत मराठीच्या बाई व्हत्या, त्यांच्या म्होरं ठिवला. बाईंनी वाचलं, सदर खोलीत मी काहीही आक्षेपार्ह पाहिले नाही. म्हणलं, आक्षेपार्ह म्हंजी? बाई म्हणल्या, वावगं. म्हणलं, ते तर म्या पाहिलंय की. बाईंनी दुसरा कागद घेतला, मी सांगितलं तसं लिवलं, दोनदा वाचला, मग अंगठा दिला.

क्लार्कभाऊ हळूच म्हणले, वहिनी, टेम्परवारी हायसा, इच्यार करा. म्हणलं, केला.

मोठं काय झालं न्हाय. सरांची नोकरी ऱ्हायली, प्रॅक्टिकलं तेवढी काढून घेतली. आता सगळ्यांच्या वह्यांवर भाईर टेबलावरच सह्या व्हत्यात. भारतीच्या वहीवर दुसऱ्या सरांनी सही केली, ती पास झाली, पर बापानं पुढं शिकवलं न्हाय, त्याच उन्हाळ्यात लगीन लावून हैद्राबादकडं दिली. जायच्या आदी भेटाय आलती. रडली न्हाय. म्हणली, मावशी, मी अर्ज लिवला नसता तर शिकले असते का गं?  

मला लॅबमधनं काढून जिना-व्हरांडा झाडाय घातलंय, टेम्परवारीच. पोरगी औंदा सातवीत गेली. सर रोज त्याच व्हरांड्यानं जात्यात, मी दिसले की भिताडाकडं बघत्यात. मी भिताडाकडं बघत न्हाय, झाडू थांबवून त्यांच्या तोंडाकडं बघते, ते वळणापल्याड जाईपतूर. राग न्हाय आता. देवानं त्यांना धडधाकट ठिवावं, बायकापोरांत सुखी ठिवावं, फकस्त दुसऱ्याच्या पोरींपास्नं लांब ठिवावं.