पांढरा केस त्याला दिसत नाही

—जातात, काकू, केस जातात. जातात म्हणजे काय, माझ्याकडेच बघा ना. अशा या दिव्याखाली. आहे काही ओठावर? हनुवटीवर? तुम्हीच म्हणायचात ना मला, आमच्या बाहेरच्या खोलीत आईच्या खुर्चीत मान मागे टाकून — ठमे, मिशीला पीळ दे जरा — आणि बाकीच्या सगळ्या हसायच्या. आई नाही हसायची. ती कशी हसणार, भुवया कोरताना तिच्या दातांत दोरा. मी शाळेत होते तेव्हा. आता बघा, साफ. रोज उठून आरशात शोधायचं कामच उरलं नाही. तर लेझर काम करतं का, याचं उत्तर हो. करून घ्यावं का, याचं उत्तर — थांबा, आधी नीट बसा तुम्ही. पाय वर घ्या. चपला राहू द्यात खाली, पर्स द्या इकडे. आईनं पाठवलं ना? माहितीय मला. ती पण आलीय, बाहेर बसलीय, तुमच्यानंतर तिचाच नंबर. गिऱ्हाइकं घेऊन येते हल्ली ती माझ्यासाठी. स्वतःची गिऱ्हाइकं.

दुखतं? फार नाही हो. रबर ताणून सोडलं की चटकन लागतं ना, तसं. आधी गार जेल लावायचं, डोळ्यांवर हा गॉगल — तुम्ही पण घालायचा, मी पण. मग टिक्, टिक्, टिक्, थोड्या वेळात हनुवटी संपते. पण एका खेपेत नाही होत. सगळे केस एकदम उगवत नाहीत ना, काही आत झोपलेले असतात, ते जागे होतील तसे पकडायचे. म्हणून महिना-दीड महिन्यानं परत, मग परत, असं सहा-आठ वेळा. आणि कायमचे जातात असं कुणी सांगितलं तर समजा थाप मारतंय — पुष्कळ कमी होतात, बारीक होतात, मधूनमधून एखादी फेरी लागतेच. हार्मोन्सची भानगड असेल तर आधी डॉक्टर, तपासण्या, मग इथे. हे मी सगळ्यांना सांगते. आमच्या मॅडमना आवडत नाही, त्यांचा नियम आहे, पहिल्या भेटीत ‘नाही’ म्हणायचं नाही — ‘बघू या’ म्हणायचं. आणि एक मुख्य. मधल्या काळात दोरा नाही, वॅक्स नाही, चिमटा नाही. ब्लेड फिरवलेलं चालतं. कारण लेझरला मूळ लागतं. केसातला काळा रंग उष्णता ओढून घेतो, ती खालपर्यंत उतरते, मूळ जळतं. वास पण येतो, मेणबत्तीत केस गेल्यासारखा. येऊ दे, आम्हाला तोच हवा असतो. वास आला की समजायचं, लागलं.

बघू, हनुवटी वर. अजून. डावीकडे वळा. हं. — नाही, काही नाही. दिवा जरा जवळ घेते. हे काळे आहेत चार-पाच, हे जातील. आणि बाकीचे... बाकीचे बघू या.   तुम्ही असं काय बघताय? काय विचारलंत? ‘सगळ्यांचेच जातात का?’ — काकू, आल्यापासून हेच विचारताय तुम्ही, फिरवून फिरवून. सगळ्यांचे म्हणजे कुणाचे? आईचे ना? मग सरळ आईचं विचारा की. तुमच्या पिढीचं हेच मला समजत नाही. अख्ख्या गल्लीला वळसा घालून दारात यायचं आणि वर म्हणायचं, सहज आले होते.

आईचं काय, छान चाललंय आईचं. तुम्ही बघताच आहात. — चिडले नाही मी. बरं, चिडले. तुम्हाला काय नवीन आहे, आमची निम्मी भांडणं तुमच्या देखतच झालीयेत, तुमची एक भुवई कोरलेली आणि एक तशीच. मी कॉलेजातनं यायचे आणि दारातल्या चपला बघूनच डोकं फिरायचं माझं. लोकांच्या घरी सोफा असतो तिथे आमच्याकडे ती मान टेकायची खुर्ची, फरशीवर पावडर सांडलेली, आणि आई दोऱ्याचं टोक दातांत धरून कुणाच्या तरी तोंडावर ओणवी. सगळ्या बोलणार आणि ती ऐकणार. कुणाची सून, कुणाचा नवरा, कुणाचं गुडघ्याचं दुखणं. मी मैत्रिणींना घरी आणलंच नाही कधी. आई काय करते विचारलं की म्हणायचे, स्किन केअर. ती मला बोलवायची — ये, नुसता धरून तर बघ, बोटांत आपोआप येतं. मी म्हणाले, लोकांच्या मिशांपायी मी माझे दात झिजवणार नाही. हो, असंच म्हणाले. तुम्ही होतात तेव्हा? ...होतात. खुर्चीतच होतात. मग इथे नोकरी लागली आणि रोज जेवताना माझं व्याख्यान सुरू. दोरा संपला आता, आई. कातडी ओढून ओढून सैल करतेस तू बायकांची. एकदा मशीन बघायला तरी ये. ती म्हणायची, बघू. बघू म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि एक दिवस आली. न सांगता. चांगले कपडे घालून, केसांना नुकताच रंग लावून. रिसेप्शनपाशी, माझ्याबरोबरच्या सगळ्या मुलींसमोर म्हणाली, माझ्या मुलीच्या हातून करून घ्यायचंय. काकू, माझी आई हरले असं कधी म्हणत नाही. ते तिचं हरले म्हणणंच होतं. मी अशी फुगले. मॅडमना बाहेर बोलावून दाखवलं, ही माझी आई. मग इथेच झोपवलं तिला, तुम्ही बसलायत तिथेच, आणि दिवा खाली ओढला. सगळे पांढरे. एक काळा असेल तर शपथ.

पांढरा केस या मशीनला दिसत नाही, काकू. सांगितलं ना, त्याला रंग लागतो. पांढऱ्यावर दिवसभर मारत बसलात तरी भिंतीवर टॉर्च मारल्यासारखं. ही इथली बाराखडी आहे, शिकायला आले तेव्हा सगळ्यात आधी हेच शिकवलं. आणि मला माझ्या आईच्या हनुवटीचा पत्ता नव्हता. डोक्याला रंग लावते ती, हनुवटीला कोण लावतं? एका टेबलाशी जेवतो आम्ही, रोज, आणि मी तिच्या तोंडाकडे कधी — सोडा ते. तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘आई, याचा उपयोग नाही, तू आधी यायला हवं होतंस.’ एवढंच. ती गॉगल लावून पडलेली, दोन्ही हात पोटावर, डॉक्टरकडे आणलेल्या लहान मुलीसारखी. म्हणाली, कर, दुखलं तर सांगते. बाहेर मुली काचेतनं बघत होत्या. आणि मी केलं. सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवून. टिक्, टिक्, टिक्. मध्येच म्हणते कशी, अगं, तू सांगायचीस वास येतो, मला नाही आला. मी म्हणाले, नवीन मशीन आहे, याला वास येत नाही.

इतकं सुचलं मला, आणि इतक्या पटकन.

तुम्ही म्हणाल, झालं एकदा. पण तिनं पुढचा नंबर लावला. मी ठरवूनच ठेवलं होतं, आता सांगायचं, वाक्य पाठ करून ठेवलं होतं — आणि दिवा ओढला तर हनुवटी साफ. गुळगुळीत. म्हणाली, बघ, किती फरक पडला. आणि काकू, मला खरंच वाटलं हो. एवढी शिकलेली मी, मला वाटलं, असेल, एखाद्याला होत असेल. मग तिनं मान वळवली, तर जबड्याखाली डाव्या बाजूला चार केस जसेच्या तसे. लांब. बाकी कातडीवर लाल ठिपके, आणि मानेच्या वळीत पावडर. मी त्या पावडरीत वाढलेय, मला नका शिकवू. उपटलेले होते. घरून साफ करून आली होती ती. कशाला? माझं मशीन खोटं पडू नये म्हणून. आणि मी काय केलं असेल? जेल लावलं. साफ कातडीवर टिक् टिक् केलं. तेव्हापासून तेच चाललंय — ती साफ करून येते, मी रिकामं मारते, ती म्हणते फरक आहे, मी म्हणते, हो ना. आणि घरी जाऊन ती सगळ्यांना सांगते, पोरीनं जादू केली. आता तर खुर्चीच काढतेय. तुम्हाला बोलली असेल. हा महिना संपला की दोरा बंद, आता काय गरज, सगळ्यांना तुझ्याकडेच पाठवते म्हणाली. सगळ्यांना म्हणजे कुणाला, तर तुमच्या वयाच्या. सगळ्या पांढऱ्या. आणि मी मघाशी तुम्हाला ‘बघू या’ म्हणाले. ऐकलंत ना तुम्ही. सहज आलं तोंडात.

मला फक्त एक कळत नाही. तिला जवळचं नीट दिसत नाही आता. मागे तिच्या हातून तुमच्या शेजारणीची भुवई मधेच तुटली, तुम्हीच सांगत होतात. मग स्वतःची हनुवटी ती कशी काय — काय?

तुम्ही?

तुम्ही काढून देता? चिमट्यानं? ...तरीच डावीकडचे राहतात. चष्मा लावत चला, काकू, एवढं करताय तर. आणि पावडर? ...ती आईच लावते, सवयीनं. बरोबर. आणि काय म्हणून सांगितलं तुम्हाला? काहीतरी म्हणालीच असेल, तेव्हा तिच्या दातांत दोरा नसतो, बोलता येतं. ...‘मशीन पोरीचं आहे, तिला वाईट वाटेल.’ म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्याच दिवशी? ...वासावरनं. वासावरनं कळलं तिला. हं. मग खुर्ची कशाला काढतेय, माहितीय तर? ...डोळ्यांसाठी. हे मला बोलली नाही. डोळे गेले म्हणून बंद केलं म्हणण्यापेक्षा मुलीचं मशीन आलं म्हणून बंद केलं, हे बरं दिसतं. चार जणींत सांगायला. मग तुम्हा सगळ्यांना का पाठवतेय माझ्याकडे, ज्यांचं होणारच नाही त्यांना पण? ...सांगा ना. आता अडखळू नका, सरळ सांगा.

...‘ठमी त्यांना खरं सांगेल. मला सांगता येत नाहीये तिला, बाकीच्यांना ती खरंच सांगेल.’

असं म्हणाली.

आणि तुम्हाला ते बघायचं होतं. म्हणून हनुवटी वर करून बसलात इतका वेळ. चांगल्या आहात तुम्ही पण.

नाही, काकू. तुमचं होणार नाही. ते चार-पाच काळे जातील, बाकी सगळे तिथेच राहतील. तुमची पावती मी फाडणार नाही, मॅडमना काय सांगायचं ते सांगते मी. ही घ्या पर्स. सावकाश, पाय आधी खाली. आणि बाहेर गेलात की तिला आत पाठवा. काही बोलू नका हं तिच्याशी, डोळ्यांनी पण नाही, मला माहितीय तुमचं. दार उघडा नुसतं, मी बोलावते.

आई, ये. नाही, आडवी होऊ नकोस. बस. अशी, दिव्याकडे तोंड करून. गॉगल राहू दे. जेल पण नको, मशीन बंद आहे. बिघडलं नाहीये, मी बंद केलंय. काकूंकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ. पर्समध्ये दोऱ्याचं रीळ असतं ना तुझ्या? दे. दे म्हणते ना. डावीकडचे आज पण राहिलेत, मला दिसतायत, मला चांगले दिसतात. रागावले नाहीये. रडत पण नाहीये, दिवा किती जवळ आहे बघ. काकू, तुम्ही अजून दारातच? बाहेर बसा, आणि दार ओढून घ्या. हं, आई, वेढा असा ना? दोन की तीन? आणि हे टोक कुठे धरू — पुढच्या दातांत, की—