डबा आवाज वाढवत नाही

दुरुस्तीच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांनी काउंटरवर प्लेअर, स्पीकर आणि बटणाचा एक छोटा डबा ठेवला.

“आठवडाभर हे बटण फिरवतोय. आवाज वाढतच नाही!”

“आजोबा, हा डबा वाढवत नाहीच,” काउंटरमागचा मेकॅनिक म्हणाला. “ याला वीजसुद्धा लागत नाही. आलेला आवाज हा फक्त अडवतो. पूर्ण उघडलात तरी आला तेवढाच पुढे जाणार.”

“मी हेच सांगत होते, पण माझं ऐकतंय कोण?” आजी म्हणाल्या.

“तू हल्ली पुटपुटतेस.”

“मी पुटपुटते? अहो, शेजारी भिंतीवर थापा मारतात!”

मेकॅनिकने सगळं जोडलं, प्लेअरचा आवाज मोठा केला आणि डब्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गाणं असं कडाडलं, की रांगेतल्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

“आता थोडा वाढवा की,” आजोबा म्हणाले.

आजींनी कानांवरचे हात खाली घेतले.

“बंद करा हो ते.”

मग त्या आजोबांच्या कानाशी वाकल्या.

“डबा चांगला आहे. आपण आधी डॉक्टरांना कान दाखवू.”

“हं, असं स्पष्ट बोलत जा!”