पायाळूचा पाय

नाय ताई, आधी बसा. पाय लावायची घाई नको — पंधरा दिस कंबर धरून बसलाव म्हणता, मंग अजून घटकाभर कळ काढा. पडेगावात कुणालाबी विचारलं तर माझंच घर दाखवतेत, खरं हाय. आवडाबाई पायाळू. जल्मताना डोक्याच्या आधी पाय भायेर आले, तवापास्नं हा उजवा पाय गावाचा झाला. माहेरी वीज चमकली की आई मला घरात कोंडायची, पायाळूवर वीज पडती म्हणून — अन् कुणाला उसण भरली की तीच हाताला धरून अंगणात न्यायची. मोठमोठे बाप्ये माझ्यापुढं पालथे पडायचे. तीन डाव पाय मारायचा, त्यानं मागं न बघता निघून जायचं. बरे व्हायचे का? व्हायचे की. काही आपोआपबी होत असतील. आता वाटतं तसं.

तुमच्या घरात कुणाला हाय का, कंबरेचं? — आईला? बघा. आमाला डॉक्टरनं विचारलं व्हतं हे. माझ्या ह्या सासरी सगळ्यांची पाठ चाळिशीतच वाकती. सासरे वाकून चालायचे, तर लोक म्हणायचे, कोकरं खांद्यावर वाहून झालं. आमच्या मालकांनी मेंढरं इकली, चितेगावला कंपनीच्या गेटवर खुर्चीत बसायचे — तेबी वाकले. तवाच कळाया पायजे व्हतं. पाचोडच्या बाजारात मेंढा घेताना हेच मालक त्याच्या कण्यावरनं बोटं फिरवायचे, खोट लागली की सोडून द्यायचे, पिलांत उतरती म्हणायचे. मेंढराचं कळत व्हतं, माणसाचं नाय आलं कुणाच्या ध्यानात.

अन् मंग अजिनाथ, माझा थोरला. तेवीस वर्षांचा गडी. कळ कंबरेतनं डाव्या पायात उतरायची, बोटं बधिर. मला म्हणला, आई, आधी फोटो काढून बघू. मला राग आला, खरं सांगते — सगळ्या गावाला माझा पाय चालतो, अन् पोटच्या पोराला चालंना? पालथा घातला त्याला. पयल्या पायानं काय झालं नाय, दुसऱ्यानं नाय — योगिनी, माझी धाकटी, अकरा वर्षांची, दारात उभी — तिसरा मी रागानं मारला. तो वरडला नाय, ताई. नुस्तं म्हणला, आई, माझे पाय कुठं गेले?

डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली. मणक्यांमधल्या गाद्या पार झिजलेल्या, सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या असाव्या तशा. म्हणले, घरात अजून कुणाला? मालक म्हणले, मला हाय, माझ्या बापाला व्हतं. तर म्हणले, काही घराण्यांत गाद्या लवकर झिजायचं रक्तातनंच येतं, ओझं-बिझं त्यात भर घालतं. पण एकाएकी पाय कसे गेले — पडला का, मार लागला का? मी म्हणले, नाय. काय नाय झालं. अजिनाथनं माझ्याकडं बघितलं, अन् तोबी नाय म्हणला. ऑपरेशन केलं, पाय काय आले नायत.

त्यानंतर मालक सहा वर्षं जगले. रोज पोराचे पाय चोळायचे अन् म्हणायचे, माझ्या रक्तानं तुझा घात केला रं. मी चुलीपुढं भाकरी थापत ऐकायचे. मरायच्या दिशी सुदिक पोराची माफी मागितली त्यांनी. मी उशाशी बसलेली. बोलले नाय — रक्ताचा दोष निघाला व्हता, मी त्याच्या आड दडले. तुमच्याजवळ कशी बोलून बसले, काय माहीत. अजिनाथ आत खाटेवर हाय. ऐकत असंल.

तवापास्नं पाय लावत नाय मी. लोक येतेत, चहा पाजून लावून देते. आता भ्या वाटतंय ते योगिनीचं. बावीस वर्षांची झाली. झाडताना तिचा हात कंबरेला जातो, अन् मी दिसले की काढून घेती. दुखतं का गं म्हणलं, तर काय नाय. काल तिच्या उशीखाली गोळ्यांचं पाकीट घावलं. दवाखान्यात चल म्हणलं, तर मला काय झालंय म्हणती. मी जवळनं गेले की पाठ भिंतीला लावती, ताई. माझीच पोर माझ्या घरात पाठ लपवून वावरती.

तुमच्या पायात मुंग्या येतेत ना? मंग तुम्ही दवाखान्यातच जावा. अन् तिलाबी न्या. तुमची रिक्षा उभी हाय, परक्या बाईसंगं येईल ती, माझ्यासंगं यायची नाय. डॉक्टर विचारतील, घरात कुणाला हाय का. आजा सांगा, बाप सांगा. भावाचं निघालं तर म्हणा, त्याला आईनं लाथा मारल्या व्हत्या, तिसऱ्या लाथेला पाय गेले. तिच्यादेखत म्हणा — मला तिच्यापुढं तोंड उघडवत नाय.

योगिनी, चप्पल घाल गं. ह्या ताईंसंगं जायचंय तुला.

नाय, मी नाय येत. उठा ताई तुम्ही. जावा.